चौघांपैकी तुमचा कोण?

प्रति,
गेमनिर्मिती शिकवणारी आणि तिचा अभ्यासक्रम आखणारी मंडळी,
इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज,
पेडर रोड, मुंबई



कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३ साली 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' नावाचा गेम बाजारात आणला. मार्क शुल्ट्झ या अमेरिकी चित्रकाराच्या कॉमिकवर तो बेतलेला होता. भारतात मात्र हे लांबलचक नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. नाणं टाकून खेळायच्या पार्लरमध्ये त्याचं एकच नाव होतं, 'मुस्तफा'. गेममध्ये निवडायला चार पात्रं होती आणि त्यातल्या टोपीवाल्या मुस्तफा कैरोवर इथल्या पोरांचा असा जीव जडला की अख्ख्या गेमचं बारसं त्याच्याच नावाने झालं.

तरी मुस्तफा सगळ्यांचा नव्हता. तो चपळ, पळत येऊन लाथ घालणारा. मेसची चाल जड, पण ताकद जबर. हॅना हाती लागेल ती वस्तू वापरण्यात तरबेज, आणि जॅक म्हणजे सगळंच थोडं थोडं येणारा. मशीन एक, नाणं तेच, समोरून येणारे गुंडही तेच. तरी एक जण हटकून मेसच घ्यायचा आणि दुसरा मुस्तफा मिळाला नाही तर रुसून बाजूला व्हायचा. शिवाय एक असा असायचाच, जो स्वतः कधी खेळत नसे. मागे उभं राहून 'खाली बघ, खाली बघ, तो डबा फोड' असं सांगण्यात त्याची संध्याकाळ जायची. पार्लरचा मालक त्याला गिऱ्हाईक मानत नसे. गेमच्या अभ्यासकाने मात्र त्याला मोजायला हवं.

हे पत्र अशा न मोजलेल्या माणसांची बाजू मांडण्यासाठी आहे.

आपली संस्था जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या (एनएफडीसी) आवारात सुरू झाली. गोरेगावच्या चित्रनगरीत तिचं मोठं संकुल व्हायचं आहे. राज्य सरकारनेही त्याच वर्षी ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी धोरण मंजूर केलं. पैसा येतो आहे, जागा मिळते आहे, भाषणं होत आहेत. पण या सगळ्या बोलण्यात 'गेमर' हा शब्द कायम एकवचनी असतो आणि तो उच्चारला की डोळ्यांपुढे उभा राहतो हेडफोन लावलेला विशीतला मुलगा. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधान देशातल्या सात नामवंत गेमरना भेटले. त्यात मराठी मिथिलेश पाटणकर होता, नमन माथुर होता; पायल धारे ही एकटी मुलगी. सातही जण स्पर्धेत उतरून किंवा कॅमेऱ्यासमोर बसून खेळणारे. त्यांच्या कर्तबगारीबद्दल शंका नाही. पण देशातल्या खेळणाऱ्यांचं चित्र त्यांच्यावरून रंगवायचं म्हणजे रणजी संघाकडे बघून गल्लीतल्या क्रिकेटबद्दल अंदाज बांधण्यासारखं आहे.

गल्लीत बघायचं तर 'लुडो किंग' बघावा. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने तो २०१६ साली काढला आणि २०२०च्या टाळेबंदीत तो घराघरांत पोचला. पुण्यातली बहीण, नाशिकची मावशी आणि दुबईतला भाचा एका पटावर बसले. सोंगटी मारली की तिकडून फोन यायचा, आणि तो फोन हाच खरा खेळ होता. सारीपाटाच्या या वंशजात डावपेच बेताचेच. ग्राफिक्सची तर गोष्टच नको. ते कुणाला हवंही नव्हतं. लोकांना आपली माणसं हवी होती. यातल्या कुणालाही 'तुम्ही गेमर का?' असं विचारलं, तर उत्तर येईल, 'छे हो, मी आपलं सहज.' ही 'सहज' खेळणारी जनता आपल्या अभ्यासक्रमात कुठे बसते, हा पहिला प्रश्न.

माणसं खेळतात ती वेगवेगळ्या भुकेने, हे संगणक येण्याच्या आधीपासून ठाऊक आहे. फ्रेंच विचारवंत रोजे कायवा यांनी १९५८ साली खेळांची चार मुळं सांगितली: चुरस, नशीब, सोंग आणि गरगर. आपल्याकडची उदाहरणं घ्यायची तर कबड्डी ही चुरस, फासे हे नशीब, भातुकली हे सोंग, आणि फुगडी ही गरगर. फुगडीत कुणी जिंकत नाही, गुण मोजत नाही, गोष्टही नसते. डोकं भिरभिरावं एवढ्याचसाठी दोघी हात धरतात. भरधाव गाडी उधळणाऱ्या गेमचं सुख नेमकं तेच आहे. 'यात काय मिळतं?' असं वैतागून विचारणाऱ्या पालकाने आपण कधी फुगडी घातली होती ते आठवून बघावं.

संगणकावरच्या खेळाडूंची पहिली नीट वर्गवारी मात्र एका गेम बनवणाऱ्यानेच केली. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने १९७८ साली 'मड' हा गेम लिहायला घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टल यांनी तो पूर्णत्वाला नेला. चित्र नाही, आवाज नाही. पडद्यावर नुसती अक्षरं. पण एकाच वेळी अनेक माणसं त्या अक्षरांच्या जगात शिरत, भेटत, भांडत. या गेममधून माणसांना हवंय तरी काय, यावर जुन्या खेळाडूंमध्ये लांबलचक वाद झाला. त्या वादातून सुचलेलं बार्टल यांनी १९९६ साली एका लेखात मांडलं आणि चार प्रकारच्या खेळाडूंना पत्त्यांचे चार रंग वाटून दिले. चौकट म्हणजे गुण आणि खजिना जमवणारे. इस्पिक म्हणजे जगाचा कानाकोपरा धुंडाळणारे. बदाम म्हणजे गप्पा आणि ओळखी यांसाठी आलेले. किलवर म्हणजे दुसऱ्याला छळण्यात आनंद मानणारे.

हे चार रंग बघायला आज एसेक्सला जायची गरज नाही. सोलापूर किंवा सावंतवाडीतली कोणतीही चार पोरं 'बीजीएमआय' खेळताना बघावीत. शंभर जण विमानातून उड्या मारतात, शेवटी जो संघ उरतो तो जिंकतो. नियम सगळ्यांना एकच. पण चौघांतला एक 'पोचिंकीत उतर, रश मारू' म्हणून ओरडतो. त्याला दोन मिनिटांत मेलेलं चालतं, झाडीत लपून जिंकलेलं चालत नाही. दुसरा कॅम्पर. तो घराच्या वरच्या मजल्यावर पालथा पडून राहील, कारण त्याला रँक चढवायची आहे आणि रँक जिवंत राहण्याने चढते. तिसऱ्याचा जीव लुटीत. शेवटचं वर्तुळ आवळत आलं तरी हा अजून एखाद्या खोलीत काय पडलंय ते बघतो आहे. आणि चौथ्याला हे सगळं निमित्त आहे. त्याचा माइक चालू असतो, तो आजच्या पेपरबद्दल बोलतो, कुणाचं कुणाशी जमलंय ते सांगतो, मधूनच मरतो आणि मेल्यावरही बोलत राहतो. सामना एक, खेळ चार. हे चौघं एकमेकांवर रोज वैतागतात आणि रोज रात्री पुन्हा एकत्र उतरतात.

बार्टल यांच्या लेखातले चार पत्ते जगभर गाजले. पुढे कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना बॅज वाटण्यासाठीही ते वापरले. पण त्या लेखातला खरा ऐवज पत्त्यांत नाही, हिशेबात आहे. एका प्रकारचे खेळाडू वाढले की दुसऱ्या प्रकारचे घटतात किंवा वाढतात, असं बार्टल यांचं म्हणणं. किलवर माजले की बदाम निघून जातात; बदाम गेले की जग सुनं होतं. म्हणजे कुणाला काय आवडतं एवढं कळून भागत नाही. एकाची आवड दुसऱ्याला हाकलून देऊ शकते, हे कळावं लागतं.

याचा पुरावा लगेचच मिळाला. १९९७ साली 'अल्टिमा ऑनलाइन' हा गेम आला. हजारो माणसांनी एकत्र नांदायचं एक मध्ययुगीन जग, आणि बनवणाऱ्यांची हौस अशी की त्यांनी जंगलात परिसंस्थाही रचली होती. भक्ष्य घटलं की श्वापदांनी गावाकडे वळायचं, असा बेत. खेळाडू आले आणि त्यांनी दिसेल तो प्राणी इतक्या झपाट्याने मारला की कुणाला त्या परिसंस्थेचा पत्ताही लागला नाही. त्यानंतर ते एकमेकांवर वळले. गावाच्या वेशीबाहेर दबा धरायचा आणि शिंप्याचं किंवा लोहाराचं काम शिकू पाहणाऱ्या नवख्याला लुटायचं, हा काहींचा धंदाच झाला. लोक गेम सोडायला लागले. अखेर २००० साली कंपनीने त्या जगाची एक जुळी प्रत काढली. जुन्या जगाचं नाव फेलुका, तिथे खून माफ. नवं ट्रॅमेल, तिथे समोरच्याच्या संमतीशिवाय हात उगारता येत नाही. वस्तीतले बहुतेक लोक ट्रॅमेलला गेले. फेलुकात शिकारी उरले आणि सावजच नाही म्हणून कुरकुरू लागले. काही जुने खेळाडू आजही म्हणतात की त्या फाळणीने गेमचा थरार गेला. आपल्या विद्यार्थ्यांसमोर हा प्रसंग ठेवून वाद घडवावा. दोन्ही बाजूंना दम आहे.

अर्थात पत्त्यांनाही मर्यादा आहेत. बार्टल यांनी एका गेमचे खेळाडू बघितले, तेही एका विशिष्ट काळातले. निक यी या संशोधकाने त्या चौकटीपासून सुरुवात केली, पण पुढची वाट प्रश्नावलीची धरली. ऑनलाइन गेम खेळणाऱ्या तीन हजार जणांच्या उत्तरांवरून २००६ साली त्यांनी तीन मोठे ओढे दाखवले: काही साध्य करणं, माणसांशी जोडलं जाणं आणि त्या जगात हरवून जाणं. यांतला एक ओढा असला म्हणजे दुसरा नसतो असं नाही, हे त्यांचं महत्त्वाचं निरीक्षण. माणूस चौकट किंवा बदाम नसतो. त्याच्यात सगळंच असतं, प्रमाण वेगळं. पुढे निकोलस ड्यूशनो यांच्यासह त्यांनी क्वांटिक फाउंड्री ही संस्था काढली आणि ओढ्यांची यादी बारापर्यंत नेली. त्यात स्वतः काहीतरी रचण्याची ओढ आहे, जिला बार्टल यांच्या पत्त्यांत जागाच नव्हती.

ती जागा नसणं भारतात विशेष खटकतं. 'क्रिकेट ०७' हा ईए कंपनीचा जुना गेम. कंपनीने पुढे तो वाऱ्यावर सोडला, पण इथल्या मुलांनी नाही सोडला. आयपीएल २००८ साली सुरू झाली. गेममध्ये ती नव्हती, तर त्यांनी स्वतः घातली. नवे संघ, नव्या जर्सी, नवी मैदानं, बॅटवरचे स्टिकरसुद्धा. 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया'चीही तीच कथा. २०१७ सालचा हा इंडोनेशियाचा गेम. त्यात भारतीय पोरांनी आपापल्या राज्यांच्या बस आणल्या आणि त्यात आपली लाल एसटीही आली. यात शत्रू नाही. बस स्टॉपवर लावायची, प्रवासी घ्यायचे, वेळेत पोचवायचे. तासन्‌तास एसटी चालवणाऱ्या मुलाला कोणत्या रंगाचा पत्ता द्यायचा? कायवांचं 'सोंग' इथे जास्त उपयोगी पडतं: आज मी ड्रायव्हर.

वयाचं गणितही क्वांटिक फाउंड्रीच्या सर्वेक्षणांतून पुढे आलं आणि ते बाजाराच्या समजुतीला धक्का देणारं आहे. वय वाढतं तशी सगळ्यांत जास्त ओसरते ती चुरशीची ओढ. पंचविशीच्या आत जिंकणं हेच सर्वस्व. पस्तिशीला तोच माणूस सायबर कॅफेतली 'काउंटर-स्ट्राइक'ची खुन्नस आठवून हसतो आणि झोपण्यापूर्वी एक शब्दकोडं सोडवतो. आवड बदलली, की वेळ आणि बोटं बदलली? बहुधा तिन्ही. गेम बनवणारे बहुतेक तरुण असतात आणि आपल्या वयाची भूक जगाची भूक समजतात. आपल्या वर्गातले विद्यार्थीही विशीतलेच असणार, हे इथे मुद्दाम नोंदवायला हवं.

मग बायकांचा प्रश्न. क्वांटिक फाउंड्रीने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या आकड्यांत बंदूक हाती घेऊन खेळायच्या गेममध्ये स्त्रिया ७ टक्के होत्या, तर एका रंगाची चित्रं जुळवायच्या आणि शेतीच्या किंवा घरसंसाराच्या गेममध्ये ६९ टक्के. हे बघून 'बायकांना मारामारी आवडत नाही' असं म्हणून फाइल बंद करणारे पुष्कळ. त्याच आकड्यांत पुढे एक मौज होती. तलवारी, जादू, राक्षस असलेल्या पाश्चात्त्य धाटणीच्या गेममध्ये स्त्रियांचं सरासरी प्रमाण २६ टक्के. पण त्याच जातीच्या 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन'मध्ये ४८ टक्के. राक्षस तिथेही होते, रक्तही होतं. फरक असा की नायिका होता येत होतं, साथीदारांशी खरं बोलता येत होतं, प्रेमात पडता येत होतं. शिवाय अनोळखी मुलांच्या शिव्या कानावर घेत खेळायची सक्ती नव्हती. माइक चालू करून मुलीच्या आवाजात 'हॅलो' म्हटल्यावर पुढच्या पाच मिनिटांत काय ऐकावं लागतं, हे आपल्या विद्यार्थिनींना विचारावं. त्या ७ टक्क्यांतला आवडीचा भाग किती आणि धास्तीचा किती, हे ठरवल्याशिवाय त्या आकड्यावर कुणी गेम बेतू नये.

जपानी गेमकर्ते तोरू इवातानी यांनी हा बायकांचा प्रश्न १९८० सालीच विचारला होता. जपानमधली पार्लरं पुरुषांनी भरलेली. पडद्यावर नुसती युद्धं. मुली आणि जोडपी तिथे यावीत म्हणून त्यांनी गोळ्या घालण्याऐवजी खाण्यावर गेम रचला, भुतंसुद्धा गोंडस केली. तो 'पॅक-मॅन'. वीस वर्षांनी विल राइट यांचा 'द सिम्स' आला. १९९१ साली ओकलंडच्या वणव्यात राइट यांचं घर जळालं होतं. घर पुन्हा उभं करताना, एकेक वस्तू पुन्हा घेताना या गेमची कल्पना रुजली. कंपनीतल्या लोकांनी 'बाहुलीघर' म्हणून तिची टिंगल केली. तोच गेम पुढे संगणकावर सर्वाधिक खपलेल्या गेममध्ये जाऊन बसला आणि त्याच्या खेळाडूंत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. भातुकलीला बाजार नाही असं मानणाऱ्या हिशेबनीसांची ती फजिती होती.

आवडीनिवडीच्या चर्चेत एक गोष्ट नेहमी सुटते, ती म्हणजे परिस्थिती. 'कँडी क्रश' हा २०१२ सालचा गेम घरकामातून आणि प्रवासातून मिळणाऱ्या तुकड्यांच्या वेळात बसतो. मधेच हाक आली तर ठेवता येतो. नेटवर्क गेलं तरी अडत नाही. लोकलच्या डब्यात तो का दिसतो, याचं उत्तर मानसशास्त्रात शोधण्याआधी विरार ते चर्चगेटच्या वेळापत्रकात शोधावं. हजारावा टप्पा ओलांडलेल्या बाईला मात्र कुणी 'कॅज्युअल' म्हणू नये. तिची चिकाटी कुठल्याही रँक चढवणाऱ्या पोराला लाजवेल. तसंच 'फ्री फायर'चं. हलक्या, स्वस्त फोनवर तो चालायचा, म्हणून लहान गावांत फोफावला. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, पण फोन तोच राहिला, अनेक घरांत तर एकच. त्या फोनची जागा भरली की पहिली कुऱ्हाड गेमवर पडते. अशा घरातल्या मुलाची 'पसंती' ही किती जीबीची असते, तेही वर्गात शिकवायला हवं.

अवघडपणाचा वाद तर अजून निवळलेला नाही. 'सेकिरो' या जपानी गेममध्ये सोपा पर्याय ठेवलेला नाही. मरा, पुन्हा या, पुन्हा मरा. २०१९ साली 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये तोच वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. त्याच्या आदल्या वर्षीचा 'सेलेस्ट' हाही डोंगर चढण्याचा कमालीचा कठीण गेम. पण त्यात 'असिस्ट मोड' आहे. वेग कमी करा, दम संपू देऊ नका, हवं तर अमर व्हा. दोन्ही गेम उत्तम आहेत, कारण दोघांच्या कर्त्यांना आपण कुणासाठी काय करतो आहोत हे पक्कं माहीत होतं. येस्पर यूल या डॅनिश अभ्यासकाने यावर एक छोटं पुस्तकच लिहिलं: माणसाला हरणं आवडत नाही, तरी हरवणारे खेळ तो स्वतःहून का शोधतो? काहींना ती हार शेवटच्या विजयाची किंमत वाटते. काहींच्या दिवसात हार आधीच पुरेशी झालेली असते. संध्याकाळी त्यांना आणखी नको असते. एकच माणूस सोमवारी पहिला आणि शुक्रवारी दुसरा असू शकतो.

आता थोडं आपल्या अंगणातलं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' काढला: राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधणारी एक मुलगी, राजस्थानी वास्तुशैलीतले महाल, विष्णू आणि दुर्गा यांच्या तोंडून उलगडणारी कथा. पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४ साली 'इंडस' हा 'बीजीएमआय'च्याच जातीचा बॅटल रॉयाल गेम आणला. दोन्हींचा उल्लेख 'भारतीय गेम' म्हणून एका दमात होतो आणि तिथेच घोटाळा होतो. 'राजी' हा एकट्याने, दिवा मालवून, गोष्टीसाठी खेळायचा. 'इंडस' टोळीने, ओरडत, रोज. पौराणिक कथा किंवा भारतीय वेशभूषा घातली की भारतीय खेळाडू आपोआप मिळतो, ही समजूत अनेक सादरीकरणांत ऐकू येते. देशीपणामुळे माणूस एकदा कुतूहलाने गेम उघडेल. दुसऱ्या दिवशी तो उघडायला त्याची स्वतःची भूक तिथे भागावी लागते.

टोरांटोहून २०२३ साली आलेल्या 'वेन्बा'ने हे उलट्या बाजूने दाखवलं. कॅनडात स्थलांतरित झालेलं तमिळ कुटुंब, आईच्या पाककृतींची फाटकी, डाग पडलेली वही आणि पुसट झालेल्या पायऱ्या जुळवून इडली-पुट्टू करणं, एवढाच गेम. दोनेक तासांत संपतो. त्याला २०२४ साली पदार्पणाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. तो कर्त्यांनी सगळ्या भारतीयांसाठी बनवला नव्हता. आईला फोन करून 'फोडणीत आधी काय घालायचं?' विचारणाऱ्या परदेशातल्या मुलांसाठी बनवला होता, आणि ते चित्र इतकं नेमकं होतं की डोसा कधी न चाखलेल्यांनाही तो भिडला.

सरकारचा दृष्टिकोन याच्या बरोबर उलट्या टोकाचा. तिथे खेळणाऱ्याऐवजी खेळाची उलटतपासणी होते. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली चमारबागवाला खटल्यात आणि १९६७ साली रमीच्या खटल्यात कौशल्य आणि नशीब यांची सीमारेषा आखली; पुढची कित्येक दशकं वकील त्या रेषेवर झुंजले. २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ती रेषाच पुसली: जिंकण्याच्या आशेने पैसा लावला की कौशल्य असो वा नशीब, बंदी. ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक खेळांना मात्र उत्तेजन. पैशाच्या खेळांनी केलेली घरांची राखरांगोळी बघता हे समजण्यासारखं आहे. पण पैसा वगळला तरी नशिबाची भूक उरतेच आणि ती 'सामाजिक' म्हणवणाऱ्या गेममध्येही भागवली जाते. बंद पेटी विकत घ्या, आत काय निघेल ते उघडल्यावर कळेल. अशा लूट बॉक्सना बेल्जियमने २०१८ सालीच जुगार ठरवलं.

आणि इथे या पत्रातली सगळ्यात अडचणीची गोष्ट येते. कोणाला काय ओढतं, हे ज्ञान दुधारी आहे. फुकट मिळणाऱ्या गेमचा धंदा मूठभर खेळाडूंच्या खिशावर चालतो. या उद्योगात त्यांना 'व्हेल' म्हणतात, देवमासा. यादी पूर्ण केल्याशिवाय चैन न पडणारा माणूस ओळखायचा आणि यादीतली शेवटची वस्तू विकत ठेवायची. एकटेपणा घालवायला आलेल्याला टोळीत घ्यायचं आणि रोज हजेरी लावली नाहीस तर टोळीचं नुकसान होईल असं सांगायचं. निक यी यांच्या बारा ओढ्यांची यादी अशा कामालाही तितकीच उपयोगी पडते. आपले विद्यार्थी उद्या ज्या कंपन्यांत जातील तिथे त्यांच्याकडून हेच मागितलं जाईल, पगारही त्याचाच असेल. म्हणून ओढ ओळखायची कशी हे शिकवताना ती कुठवर ताणायची, हा तास त्याच आठवड्यात हवा. शेवटच्या सत्रात 'नीतिमत्ता' नावाच्या एका व्याख्यानात नको.

मागणी एकच आणि ती स्वस्त आहे. पहिल्या सत्रात विद्यार्थ्यांनी गेम बनवू नये. खेळणारी माणसं बघावीत. त्यासाठी दूर जायला नको. आपल्याच आवारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथे सहलीला आलेली शाळेची मुलं येतात, निवृत्त जोडपी येतात, जुन्या सिनेमांच्या ओढीने आलेले एकटे-दुकटे येतात. दाराशी एक टेबल टाकावं, त्यावर दोन स्वस्तातले फोन आणि पुढच्या सत्रांतल्या विद्यार्थ्यांचे अर्धेकच्चे गेम ठेवावेत. 'आवडला का?' हे विचारू नये. पाहुण्याच्या घरच्या चहासारखं सगळे 'छान' म्हणतात. कोण कुठे अडला, कुणी दोन मिनिटांत फोन खाली ठेवला, कुणी बायकोला हाक मारून दाखवला, कोण नुसता खांद्यावरून बघत राहिला, हे वहीत उतरवावं. महिन्याच्या शेवटी त्या वह्या वर्गात उघडाव्यात आणि गेम बनवणाऱ्या विद्यार्थ्याने तो ज्याच्यासाठी बनवला असं सांगितलं होतं, तो माणूस त्यात सापडतो का ते बघावं.

अशा चाचणीला परदेशात मोबदला देण्याची पद्धत आहे. आपल्या अंदाजपत्रकात ते बसत नसेल, तर त्या टेबलाशी अर्धा तास दिलेल्याला निदान संग्रहालयाचं तिकीट तरी माफ व्हावं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक खेळाडू-वाचक